झरिया ते राणीगंज : कोळसा खाणींतील अपघातांच्या जागा पाहताना

शनिवार : धनबाद

जानेवारीत उत्तरेकडच्या गाड्या धुक्यामुळे उशिरा धावतात, तशी आमचीही गाडी उशिरा पोहोचली. मुंबईहून गयामार्गे हावड्याला जाणारी मेल धनबादला थांबते, त्यामुळे मध्ये गाडी बदलावी लागत नाही, एवढे सांगितले की प्रवासाबद्दल सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

मी आणि माझा मोठा भाऊ, असे आम्ही दोघेच निघालो होतो. दादाने वणी परिसरातल्या कोळसा खाणींत सर्वेअर म्हणून आयुष्य काढले. खाणीतल्या माणसांचे मृत्यू त्याने कागदावर पाहिले आणि प्रत्यक्षही पाहिले. झरिया आणि राणीगंज या देशातल्या सर्वांत जुन्या कोळसा पट्ट्यांत जाऊन मोठ्या अपघातांच्या जागा एकदा पाहाव्यात, ही इच्छा मूळची त्याची होती.

धनबाद शहर कोळशाच्या कारभारावरच उभे आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेले खाण निरीक्षणाचे सरकारी कार्यालय १९०८ मध्ये येथे आले. तेच आजचे खाण सुरक्षा महानिदेशालय. खाणशास्त्र शिकवणारी संस्था १९२६ मध्ये येथेच सुरू झाली. या महानिदेशालयाच्या व्याख्येनुसार दहा किंवा त्याहून अधिक माणसे एका वेळी मरण पावली, तरच त्या अपघाताची नोंद ‘आपत्ती’ म्हणून होते. त्या यादीत १९३६ चे पोईडीह (२०९ मृत), १९५८ चे चिनाकुरी, १९६५ चे धोरी (२६८ मृत) आणि १९७५ चे चासनाला ही नावे येतात. दादाने ती यादी वहीत उतरवून घेतली होती आणि आमचा मार्ग त्यावरूनच ठरला होता. ही यादी किती अपुरी आहे, हे मात्र पहिल्याच संध्याकाळी कळले.

हिरापूर भागात दादाच्या ओळखीचे एक निवृत्त मायनिंग सरदार राहतात. पाळी सुरू होण्याआधी आणि पाळी चालू असताना छत, बगल (बाजूची भिंत) आणि वायू तपासण्याची जबाबदारी खाणीत सरदाराची असते. भोजपूरकडून तरुणपणी आलेल्या या गृहस्थांना सगळे चाचा म्हणतात, म्हणून आम्हीही चाचाच म्हणू लागलो. धुस्का आणि घुगनी समोर ठेवून त्यांनी आधी पोटभर खाऊ घातले. तांदूळ आणि हरभऱ्याच्या डाळीचा हा तळलेला वडा थंडीच्या दिवसांत गरम खाण्यात फार सुख आहे. त्यानंतर त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली. तिच्या टोकाला लोखंडी टोपण बसवलेले होते.

“चाल कशी ओळखायची, ते दाखवतो,” ते म्हणाले. चाल म्हणजे छतातून सुटून खाली येणारा दगडाचा थर. त्यांनी डाव्या हाताचा तळवा भिंतीवर सपाट टेकवला आणि उजव्या हाताने काठीचे टोक बाजूला आपटले. खणखणीत आवाज आला. मग ते खिडकीखाली, ओल धरलेल्या गिलाव्याकडे सरकले आणि तसेच ठोकले. या वेळी आवाज बसका आला. त्यांनी माझा तळवा तिथे ठेवायला लावून पुन्हा ठोकले, तेव्हा गिलावा हाताखाली किंचित थरथरलेला मला स्पष्ट जाणवला. छताचा दगड असा थरथरला की त्याखाली कोणाला उभे राहू द्यायचे नाही, आधी सुटलेला भाग पाडायचा किंवा खाली आधाराचा खुंटा लावायचा, असा नियम आहे. जुने कामगार लाकडी खुंट्यावर अधिक विश्वास ठेवत, कारण भार वाढला की लाकूड करकरते आणि पळायला थोडा वेळ मिळतो.

चाचांच्या नोकरीत त्यांच्या खाणीत एकही ‘आपत्ती’ झाली नाही. माणसे मात्र मेली. कोणी चालीखाली सापडला, कोणी उतारावर दोर तुटून सुटलेल्या कोळशाच्या डब्याखाली आला, तर कोणी सुरुंग उडाल्यावर धूर निवण्याआधीच आत गेला. एका वेळी एक, फार तर दोन. भूमिगत कोळसा खाणींमध्ये छत आणि बगल कोसळणे हेच वर्षानुवर्षे माणसे मरण्याचे प्रमुख कारण राहिले आहे, आणि अशा मृत्यूंपैकी फार थोड्यांना स्मारक मिळते. चाचांनी आम्हाला अशा सहकाऱ्यांची नावे गावासकट सांगितली. दादाने वहीचे पान उलटले आणि यादीच्या मागच्या बाजूला ती नावे लिहून घेतली.

रविवार : झरिया

धनबादहून झरियाला शेअर रिक्षा सतत मिळतात. येथे येणाऱ्यांनी बंद बूट घालावेत, नाकातोंडावर मास्क ठेवावा आणि आगग्रस्त भागात स्थानिक माणसाशिवाय एक पाऊलही टाकू नये. खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नये आणि छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारावे. सुरक्षा रक्षक अडवतात, आणि त्यांनी अडवणे योग्यच आहे.

झरियाची भूमिगत आग १९१६ पासून नोंदली गेली आहे. तिचे कारण समजून घेतले की अपघातांचेही निम्मे कारण समजते. खासगी मालकांच्या काळात वरचा सोपा कोळसा घाईने काढला गेला, छत तोलणारे कोळशाचे खांब बारीक करत नेले गेले, आणि मोकळ्या झालेल्या जागा वाळूने भरल्या गेल्या नाहीत. हवा आत शिरली, उरलेला कोळसा आपोआप तापला आणि पेटला. खांब जळाले किंवा ढासळले की वरची जमीन खचते. घनुआडीहजवळ एका जागी भेगेतून वाफ आणि धूर निघत होता. आम्हाला घेऊन गेलेल्या तरुणाने ठरावीक अंतरावर हात आडवा धरून थांबवले. धुक्याच्या सकाळी धूर कुठे संपतो आणि धुके कुठे सुरू होते, हे ओळखता येत नव्हते. नाकाला मात्र गंधकाचा वास नीट कळत होता.

मे २०१७ मध्ये झरियातल्या इंदिरा चौकात रस्त्याकडेला अचानक जमीन खचली आणि बाप-लेक त्या विवरात गेले. ते कामावर नव्हते, खाणीतही नव्हते, आपल्या दुकानापाशी होते. खाण अपघातांच्या नोंदवहीत अशा माणसांना कोणत्या रकान्यात बसवायचे, हा प्रश्न मला तिथे उभी असताना फार अस्वस्थ करून गेला.

दुपारी रस्त्यावर सायकलवाले भेटले. दोनशे किलोंच्या वर कोळसा गोण्यांत भरून, तो सायकलवर लादून, चालवत नव्हे तर ढकलत नेणारी ही माणसे या भागात सर्वत्र दिसतात. चढावर एकाला दादाने मागून हात लावला. चढ संपल्यावर तो थांबला, आम्ही चहा घेतला आणि बोलणे झाले. “दादा, आम्ही आत जात नाही, आम्ही फक्त नेतो,” असे तो पहिल्यांदा म्हणाला. दुसरा कप आल्यावर त्याने सांगितले की त्याचा चुलतभाऊ आत जायचा. बंद पडलेल्या खाणींच्या तोंडाशी माणूस जेमतेम शिरेल अशी बिळे पाडून उरलेले खांब कोरले जातात. तिथे ना सरदार, ना खुंटा, ना वारा. चाल पडली की बरोबरचे लोक जमल्यास मृतदेह बाहेर काढतात आणि रातोरात गावी नेतात, कारण पोलिसांत गेले तर चोरीचा गुन्हा जिवंत राहिलेल्यांवरच लागण्याची भीती असते. चुलतभावाच्या घरच्यांनी तो तापाने गेला असे गावात सांगितले. हे सांगताना त्याचा आवाज जराही बदलला नाही. त्याने ग्लास ठेवला, हँडलला बांधलेली दोरी पुन्हा ताणली आणि तो निघाला.

या मृत्यूंची गणना होत नाही, आणि मला वाटते यात गरिबीइतकाच आपल्या सर्वांच्या सोयीचाही वाटा आहे. हा कोळसा विकत घेणारी भट्टी, हॉटेल आणि घर यांपैकी कोणीही तो कुठून आला हे विचारत नाही.

सोमवार : बागडीगी आणि चासनाला

झरियाहून दक्षिणेला लोदना भागात बागडीगी आहे. २ फेब्रुवारी २००१ रोजी शेजारच्या बंद जयरामपूर खाणीत साचलेले पाणी येथे फुटून आत आले आणि २९ माणसे बुडाली. तेथून पुढे चासनाला. रिक्षा दिवसभरासाठी ठरवून घ्यावी, परतीच्या वाटेवर संध्याकाळी वाहने कमी मिळतात.

चासनाल्याला २७ डिसेंबर १९७५ रोजी, दुपारी दीडच्या सुमारास, वरच्या जुन्या खोदकामात साचलेले पाणी आणि खालची चालू खाण यांच्यामधला कोळशाचा अडसर फुटला. सरकारी यादीनुसार ३७५ माणसे मरण पावली. अनेक ठिकाणी ३७२ हा आकडाही छापला जातो. खाली असलेल्या कोणालाही वर येता आले नाही. पाणी उपसण्यासाठी परदेशातूनही पंप आणावे लागले आणि मृतदेह हाती लागायला आठवडे गेले. देशातील बहुतेक कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७२ आणि १९७३ मध्ये झाले होते आणि ही खाण सरकारी व्यवस्थापनाखालच्या पोलाद कंपनीची होती. मालक बदलला, म्हणून पाण्याचा धोका आपोआप टळला नाही. फौजदारी खटल्याचा निकाल २०१२ मध्ये लागला आणि दोन अधिकाऱ्यांना एक वर्षाची शिक्षा झाली.

आम्ही गेलो त्याच्या आदल्याच महिन्यात या घटनेला पन्नास वर्षे पूर्ण झाली होती. दर २७ डिसेंबरला येथे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो. आम्ही पोहोचलो तेव्हा स्मारकापाशी झेंडूचे हार वाळून तपकिरी झाले होते आणि एक मुलगा ते गोळा करून पोत्यात भरत होता. दादा नावे वाचत उभा राहिला. आडनावांवरून माणसे कुठून आली होती हे समजते. बिहारचे जिल्हे, बंगाल, संथाल गावे आणि ज्यांना येथे बिलासपुरी म्हणतात ते छत्तीसगडचे मजूर, असा अर्धा देश त्या एका पाळीत खाली होता.

तिथेच एक वृद्ध बाई उन्हाला बसल्या होत्या. आम्ही महाराष्ट्रातून आलो हे कळल्यावर त्यांनी घरी चला म्हटले आणि नाही म्हणू दिले नाही. या चाचींच्या घरी मुरी (कुरमुरे), कांदा, हिरवी मिरची आणि मोहरीचे तेल कालवून पुढे आले. त्यांचे पती पहिल्या पाळीला गेले होते. लग्नाला दोनच वर्षे झाली होती आणि मुलगा पोटात होता. चानकाच्या, म्हणजे खाणीत उतरण्याच्या उभ्या विहिरीच्या, तोंडाशी त्या किती दिवस बसून राहिल्या, हे त्यांना आठवत नाही. पंपांचा आवाज रात्री थांबला की सगळ्या बायका दचकून उठून बसत, हे मात्र आठवते. शेवटी ओळख चेहऱ्यावरून पटली नाही, टोपीच्या बत्तीच्या क्रमांकावरून पटली. बत्तीघरातून कोणत्या क्रमांकाची बत्ती कोणी नेली, याची नोंद वहीत असते. जी बत्ती परत येत नाही, तिचा माणूस खाली आहे असे धरतात.

तो मुलगा मोठा होऊन खाणीतच कामाला लागला. मृताच्या वारसाला नोकरी मिळण्याची तरतूद कोळसा कामगारांच्या वेतन करारात आहे आणि अनेक घरांना तिचाच आधार असतो. “नोकरी मिळाली म्हणून घर उभे राहिले, बेटी,” चाची म्हणाल्या, “पण तो परत येईपर्यंत मी रोज दारातच असायची. त्याने खाणीतले काम सोडले तेव्हा कुठे मी दुपारी झोपू लागले.”

परतताना दामोदरच्या बाजूच्या वस्तीत बायका गात होत्या. पौष महिनाभर टुसू या लोकदेवतेची गाणी गातात आणि संक्रांतीला रंगीत कागदांचे चौडल, म्हणजे मखर, नदीवर नेऊन विसर्जन करतात. बाजारात तसे चौडल विकायला मांडले होते. दिवसभर जे ऐकले त्यानंतर तो रंग पाहून मी गोंधळून गेले, पण गाणाऱ्यांत चाचींची नातही होती आणि तिने हात धरून मला त्या घोळक्यात बसवून घेतले.

रात्री दादाने मला अडसराचा हिशेब समजावला. पाणी साचलेल्या जुन्या खोदकामापासून साठ मीटरच्या आत काम न्यायचे असेल तर विशेष परवानगी घ्यावी लागते आणि खोदकामाच्या पुढे लांब छिद्रे पाडून पाण्याचा अंदाज घेत सरकावे लागते, असे कोळसा खाण विनियम सांगतात. अडचण मोजमापाच्या सुरुवातीलाच येते. साठ मीटर मोजायचे ते जुन्या नकाशावरून, आणि खासगी काळातले अनेक नकाशे अपुरे आहेत. मालकाने हद्द ओलांडून चोरून काढलेला कोळसा तो नकाशावर दाखवणार नव्हताच. “कागदावर भिंत साठ मीटरची असते. जमिनीत ती सहा मीटरची असली, तर सर्वेअरला ते छिद्र पाडूनच कळते. आणि छिद्र पाडायला वेळ लागतो, म्हणून ते पुढे ढकलले जाते,” तो म्हणाला. दादा एरवी इतके बोलत नाही.

मंगळवार : कतरास

कतरासला रेल्वेने गेलो. धनबाद ते चंद्रपुरा हा मार्ग भूमिगत आगीमुळे जून २०१७ मध्ये बंद केला होता आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला. १९९५ च्या सप्टेंबरअखेरीस अतिवृष्टीत कतरी नदीचे पाणी गजलीटांड खाणीत शिरले आणि ६४ कामगार गेले. नदी पाहिली आणि विश्वास बसेना. जानेवारीत ती एका उडीत ओलांडता येईल इतकी बारीक आहे. खाणीवर येऊ शकणाऱ्या पाण्याचा विचार वर्षातल्या सर्वांत वाईट रात्रीच्या हिशेबानेच करावा लागतो, हे येथे काठावर उभे राहिल्यावर पटते.

स्टेशनजवळ लिट्टी-चोखा उत्तम मिळाला. बाकी दिवस विश्रांतीत गेला.

बुधवार : चिनाकुरी आणि राणीगंज

धनबादहून आसनसोल रेल्वेने साधारण तासाभराचे अंतर आहे. हा भाग पश्चिम बंगालमध्ये येतो, भाषा बदलते आणि संक्रांत असल्यामुळे हॉटेलातही पिठे हे तांदळाचे बंगाली पक्वान्न मिळाले. नव्या गुळाच्या पाकात भिजलेले ते पिठे खाण्यासाठी तरी थंडीत यावे.

दामोदरच्या काठी चिनाकुरी आहे, देशातल्या सर्वांत खोल कोळसा खाणींपैकी एक. १९ फेब्रुवारी १९५८ रोजी येथे स्फोट होऊन १७५ हून अधिक कामगार मरण पावले. कोळशातून निघणारा मिथेन ठिणगी लागून पेटला की त्या झोताने जमिनीवरची कोळशाची बारीक भुकटी हवेत उडते आणि मग ती भुकटीच सुरुंगासारखी पेटत बोगद्याबोगद्यातून धावते. आगीपासून लांब असलेली माणसे मागून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने मरतात. म्हणून वायूचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या वर गेले की वीज तोडून माणसे हलवायची, आणि बोगद्यांत चुनखडीची पांढरी भुकटी मारून ठेवायची, असे नियम आहेत. खाणीचा आतला भाग पांढरा दिसला तर समजावे की कोणीतरी आपले काम नीट केले आहे, असे दादा सांगतो.

दुपारनंतर राणीगंजला महाबीर खाणीच्या परिसरात गेलो. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी येथेही पाणीच घुसले. ७१ जण खाली अडकले, त्यांपैकी सहा बुडाले आणि ६५ जण उंचावरच्या कोरड्या भागात जिवंत राहिले. जसवंतसिंग गिल या खाण अभियंत्याने वरून रुंद छिद्र पाडून एक माणूस मावेल असा पोलादी पिंजरा खाली सोडण्याची योजना मांडली. पिंजरा घाईघाईने तयार झाला, गिल स्वतः त्यातून खाली उतरले आणि एकेकाला वर पाठवत सर्वांत शेवटी वर आले. १६ नोव्हेंबरला सगळे ६५ जण बाहेर होते. गिल यांना सर्वोत्तम जीवनरक्षा पदक मिळाले. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

चहाच्या टपरीवर बसलेल्या वृद्धांना ती सगळी घटना तोंडपाठ आहे आणि कोणी परका विचारतो आहे याचा त्यांना आनंद होतो. त्यातल्या एकाने पिंजऱ्याची रुंदी दाखवायला दोन्ही कोपर अंगाशी आवळून धरले आणि तसाच उभा राहून पुढचे सांगत राहिला. दादाने विचारले की छिद्राची जागा कोणी आखली. नाव त्यांना ठाऊक नव्हते. जमिनीखाली माणसे नेमकी कुठे आहेत हे नकाशावरून काढून वर खुंटी ठोकणारा कोणीतरी सर्वेअर असणारच, आणि त्याची रेघ बरोबर आली म्हणून छिद्र योग्य जागी उतरले, असे दादाचे ठाम मत आहे. मी त्याला बुडालेल्या सहा जणांबद्दल विचारले. त्याने वही काढली. सहा हा आकडा दहाच्या आत असल्यामुळे महाबीरचे नाव त्याच्या यादीत नव्हते. त्याने ते मागच्या पानावर, चाचांनी सांगितलेल्या नावांखाली लिहिले.

येथे येणाऱ्यांनी राणीगंजसाठी निदान एक पूर्ण दिवस ठेवावा. दामोदरकाठी नारायणकुडी येथे द्वारकानाथ टागोर यांच्या कंपनीच्या काळातले कोळसा चढवण्याच्या धक्क्याचे अवशेष आहेत, ते पाहायला आम्हाला उजेड उरला नाही. संक्रांतीच्या संध्याकाळी आसनसोलकडे जाणाऱ्या गाड्यांना फार गर्दी असते, म्हणून त्या दिवशी तरी चारच्या आत स्टेशन गाठावे.